चावडीचं दप्तर ते खिशातला सातबारा: शेताची नोंद कुणाच्या हातात होती?



पीक पाहणी लावायचे दिवस आले की पारावर दुसरा विषय नसतो. ॲप चालत नाही, रेंज नाही, फोटो चढत नाही, गट नंबर सापडत नाही. त्यावर सगळेच बोलतात, म्हणून आज ते बाजूला ठेवतो. आज थोडं मागं जाऊ. आपल्या शेताची माहिती आजवर कोण लिहीत आलं, ती कुणाच्या दप्तरात राहिली आणि आपल्याला ती बघायला कधी मिळाली, हा इतिहास डोळ्याखालून घातला की मोबाईलमधल्या त्या चार रकान्यांची किंमत कळते.

शहरातली शिकलेली मंडळी याला 'ओपन डेटा' म्हणतात. आपण खुली नोंद म्हणू. सरकारनं जमवलेली माहिती ज्याच्याविषयी आहे त्याला बघता यावी, तपासता यावी आणि तिच्या आधारानं सरकारला जाब विचारता यावा, एवढाच त्याचा अर्थ.

साखळी आणि आणे

पेशवाई 1818 ला गेली आणि इंग्रजांना पहिली गरज लागली ती सारा ठरवायची. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं 1820 च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोजणी सुरू केली. उत्पन्नातून खर्च वजा जाता राहील त्यावर आकारणी, असा त्याचा हिशोब. कागदावर चोख दिसायचा. पण मोजणीचे आकडे गोळा करणारी खालची माणसं आणि गावचे अधिकारी यांनी आकडे हवे तसे फिरवले. ज्याचा वशिला त्याची जमीन हलकी, ज्याचं कुणी नाही त्याची भारी. सारा इतका बसला की इंदापूर तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले.

मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातूनच नव्यानं काम सुरू केलं. त्याचे नियम 1847 च्या अहवालात पक्के झाले. कृषी खात्यातल्या मित्रांनी हे जरूर वाचावं. मातीची खोली आणि पोत बघून जमिनीचे 9 वर्ग पाडले, सगळ्यात चांगली जमीन 16 आणे धरली. जमिनीत चुनखडी असेल, वाळू जास्त असेल, उतार असेल, पावसाचं पाणी वरून वाहून जात असेल तर तो दोष धरून वर्ग खाली आणायचा. मोजणीची साखळी 33 फुटांची. 33 बाय 33 चा चौरस म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आपण आजही बांधावर उभं राहून गुंठ्यातच बोलतो, ती सवय या साखळीची आहे.

काम पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलं. पण ही माहिती जमवली ती सारा वसूल करण्यासाठी. शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा वर्ग कुठला आणि तो का, हे कुणी समजावून सांगितलं नाही. वाचता येत नव्हतं, आणि दप्तर कुलकर्ण्याच्या घरी. पाटलानं वसुली करायची, कुलकर्ण्यानं लिहायचं, शेतकऱ्यानं अंगठा उठवायचा. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये, निरक्षर शेतकरी लेखणीवाल्यांच्या हाती कसा नाडला जातो, हे स्पष्ट मांडलंय.

सुप्याला कागद का जळाले?

12 मे 1875. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की लोक मागत होते ते कर्जरोखे आणि वह्या. जिथं सावकारानं कागद काढून दिले तिथं बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद घेतले आणि जाळले.

कारण काय? घेतलं किती, फेडलं किती, राहिलं किती, हे सगळं एकाच्याच वहीत. कोर्टात तीच वही पुरावा. दुसऱ्याकडं सांगायला नुसती तोंडी हकीकत. आपल्याला न दिसणाऱ्या नोंदीवर आपली जमीन जाते, हे लोकांना कळलं होतं. ती दुरुस्त करायची वाट नव्हती, म्हणून काडी लावली.

सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आला. त्यात एक चांगली तरतूद होती. शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती मिळायला हवी, वर्षाचा हिशोब लेखी मागता यायला हवा, पासबुक मागता यायला हवं. म्हणजे देणेकऱ्याला स्वतःच्या हिशोबाची प्रत मागायचा हक्क कायद्यात लिहिला गेला, तो शेतकऱ्यांनी सुप्याला वह्या जाळल्यानंतर.

सात आणि बारा

हक्काची नोंद ठेवायचा कायदा मुंबई प्रांतात 1903 चा. पुढं अँडरसन नावाच्या अधिकाऱ्यानं गावपातळीवरच्या हिशोबाचं पुस्तक बसवलं, त्यातले 21 गाव नमुने आजही चालतात. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, कुणाची जमीन किती. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका पानावर आले म्हणून सातबारा. नमुना सहा फेरफाराचा आणि आठ अ खात्याचा.

बारा नंबरच्या नोंदीत कुठलं पीक किती क्षेत्रावर, एवढंच नसायचं. जमीन कोण कसतो आणि कुठल्या रीतीनं, हेही असायचं. या रकान्याचं महत्त्व कूळकायद्यानं दाखवलं. कायदा 1948 चा आणि कृषक दिन 1 एप्रिल 1957. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं तिचा खरेदीदार मालक मानला गेला. आता बघा, कूळ आहे हे ठरायचं कशावरून? सातबाऱ्यावरच्या नोंदीवरून. बापजाद्यांपासून कसणारा माणूस, पण रकान्यात 'खुद्द' लिहिलं असेल तर सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. ज्याला नोंद माहीत होती तो वेळेत धावला. ज्यानं उतारा कधी बघितलाच नव्हता, त्याला कळेपर्यंत उशीर झाला. पीक पाहणीच्या एका शब्दानं कुणाच्या घरात जमीन आली, कुणाच्या घरातून गेली. गावोगावचे जुने दावे काढून बघा, निम्मी भांडणं त्या रकान्यापाशी येऊन थांबतात.

1951 ला कुलकर्णी वतन संपलं, 1963 ला पाटीलकी संपली, पगारी तलाठी आला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. 1966 च्या जमीन महसूल संहितेत दोन गोष्टी लिहिल्यात, त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. कलम 157 म्हणतं की हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. आणि कलम 327 म्हणतं की नकाशे आणि भूमी अभिलेख ठरलेली फी भरून लोकांना बघायला खुले राहतील. म्हणजे नोंदीला वजन दिलं आणि ती बघायचा हक्कही दिला. पण तलाठी सजेवर कधी असेल, दप्तर तहसीलला आहे की घरी, हेच कळत नसेल तर कलम 327 घेऊन माणूस करणार काय? चार हेलपाटे आणि चहापाणी, हा अनुभव कुठल्या एका गावाचा नव्हता.

राजस्थानातल्या मजुरांनी काय केलं?

खुल्या नोंदीच्या लढ्याला धार आली ती कोरडवाहू राजस्थानात. देवडुंगरी गावात राहून काम करणाऱ्या अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावकऱ्यांनी 1 मे 1990 ला मजदूर किसान शक्ती संघटन उभं केलं. प्रश्न साधा होता. दुष्काळी कामावर राबायचं आणि पूर्ण मजुरी मिळायची नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, मोजमापात काम भरत नाही. मोजमाप कुठाय? ते सरकारी दप्तर, दाखवता येत नाही. इंग्रजांचा 1923 चा गोपनीयतेचा कायदा होताच आडोशाला.

2 डिसेंबर 1994 ला पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मिळालेले कागद भर सभेत मोठ्यानं वाचायचे, आणि ज्याचं नाव आलं त्यानं उठून सांगायचं की मी कामावर होतो का, मला किती मिळाले. अशा सुनावण्यांतून खोटी हजेरी, न झालेल्या कामाची बिलं, हे सगळं उघड्यावर आलं. याला कुणी लेखापरीक्षक लागला नाही. गावात कुठला बंधारा झाला आणि कुठला झाला नाही, हे गावाला ठाऊक असतंच. फक्त कागदात काय लिहिलंय ते कळायला हवं होतं. एप्रिल 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवसांचं धरणं झालं आणि माहितीच्या हक्काची मागणी देशभर गेली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही तिथलीच घोषणा.

आपल्याकडं रोजगार हमीचा कायदा 1977 चा, त्यामुळं मस्टर हा शब्द आपल्या आयाबायांना पाठ होता. राजस्थानची गोष्ट आपल्याला परकी नाही. गोव्यानं 1997 मध्येच माहितीच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राचा 2000 चा कायदा कच्चा निघाला, मग 2002 चा आला. राष्ट्रपतींची मंजुरी रखडली होती, ती 2003 मध्ये अण्णा हजारेंच्या उपोषणानंतर मिळाली. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्ण लागू झाला.

त्या कायद्यात अर्ज करून माहिती मागायची वाट आपल्याला माहीत आहे. पण त्याचं कलम 4 बघा. प्रत्येक कार्यालयानं 17 बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची, आणि इंटरनेटसकट निरनिराळ्या मार्गांनी ती लोकांपर्यंत न्यायची, म्हणजे अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. सरकारी वेबसाइटवर जे काही खुलं दिसतं, त्याच्या मागं हे कलम मोठा आधार आहे. 2005 च्याच रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यानं कलम 17 मध्ये ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचं काम दिलं. मस्टर संगणकावर आलं, गावाचं नाव टाकून बघता यायला लागलं. कोटकिरानाला जे कागद झगडून मिळवावे लागले, ते बटणावर आले.

संगणक आला

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायचा प्रयोग केंद्रानं 1988-89 ला 8 जिल्ह्यांत सुरू केला. त्यात आपला वर्धा जिल्हा होता. पण जोर लावला तो कर्नाटकानं. 'भूमी' नावाच्या योजनेत साधारण 2 कोटी नोंदी संगणकावर चढवल्या, तालुक्याला खिडकी काढली, 15 रुपयांत उतारा द्यायला लागले आणि हातानं लिहिलेले उतारे बंद केले. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं निकाली काढायचे, मधे कुणाला घुसवायचं नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

त्याची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवली. बंगळूरच्या आसपास मोठ्या जमीन खरेदीवाल्यांना कुठं कुणाची किती जमीन आहे, हे एका जागी बसून कळायला लागलं. छोट्या शेतकऱ्याला 15 रुपयांत त्याचा उतारा मिळाला, आणि मोठ्याला सगळ्या गावाचा अंदाज मिळाला. खुली नोंद दोघांनाही सारखीच खुली असते. तिचा उपयोग करून घ्यायची ताकद मात्र सारखी नसते. हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात सातबारे संगणकावर आले, ई-फेरफार आला. हस्तलिखित आणि संगणकीय उतारा जुळतो का हे बघायला 2017 ला गावोगाव चावडी वाचनाची मोहीम झाली. नावातली, क्षेत्रातली चूक कलम 155 खाली दुरुस्त करायची सोय होती. जे त्या वाचनाला जाऊन बसले त्यांच्या चुका लवकर निघाल्या. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. 15 रुपये भरायचे, उतारा घरी. त्याचबरोबर 'आपली चावडी' नावाचा ऑनलाइन फलक आला. गाव निवडलं की कुठल्या गटाचा फेरफार नोंदवायला घेतलाय ते तिथं दिसतं. हरकतीला नोटिशीपासून 15 दिवस असतात. हे बघायला पैसे पडत नाहीत.

बाजारभावाचंही तसंच. 2000 साली ॲगमार्कनेट आलं, बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव दिसायला लागले. 2012 मध्ये केंद्रानं माहिती खुली करायचं धोरण आणलं आणि एकत्रित संकेतस्थळ काढलं, तिथं हे भाव कुणालाही उतरवून घेता येतात. राजस्थाननं 2019 मध्ये जन सूचना पोर्टल काढलं, त्यात रेशन, पेन्शन, रोजगार हमी गावनिहाय दिसतं. त्याच्या घडणीत मस्टर मागणाऱ्या त्याच संघटनेचा वाटा आहे.

आता लेखणी आपल्या हातात

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. इतिहासात याचं वेगळेपण काय? कुलकर्णी गेला, तलाठी आला, संगणक आला, तरी पीक लिहिणारा हात आपला नव्हता. आता बारा नंबरची नोंद शेतकरी स्वतः फोटोसकट करतो. चूक झाली तर 48 तासांत स्वतः बदलता येते, अशी सोय पुढच्या आवृत्तीत दिली. गावातल्या इतर खातेदारांची पाहणीही ॲपवर दिसायला लागली. कुणी ऊस असताना कांदा दाखवला तर तो गावाला दिसतो.

ही जबाबदारी आहे आणि ओझंही आहे. विम्याची भरपाई, हमीभावाची खरेदी, नुकसानीचे पंचनामे यात या नोंदीचा आधार घेतात. नोंद राहिली तर 'तुम्हीच केली नाही' असं ऐकावं लागतं. पूर्वी तलाठ्यानं न बघता 'पड' लिहिलं तर भांडायला माणूस तरी होता. ज्या म्हाताऱ्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि हातात साधा फोन आहे, ज्याची जमीन डोंगराकडंला रेंज नसलेल्या जागी आहे, जो बटईनं दुसऱ्याची जमीन कसतो, त्यांच्यासाठी 1957 च्या रकान्याचीच गत पुन्हा होऊ शकते. म्हणून ॲपबरोबर गावात मदतीचा माणूस ठेवणं हे सरकारचं काम आहे. आपण ते मागायला हवं.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम 8 बदललं, वैयक्तिक माहिती नाकारायला वाट रुंद केली. आपली खाजगी माहिती जपली पाहिजे हे खरंच. पण मस्टरवरची नावं वाचल्याशिवाय कोटकिरानाची सुनावणी झाली असती का? मोठ्या जनहितासाठी माहिती देता येते, असं त्याच कायद्याचं कलम 8(2) अजून म्हणतं. अर्ज करताना ते लिहावं.

मग करायचं काय?

सुमारे दोनशे वर्षांच्या या हिशोबातून मला जे दिसतं ते असं. नोंद बघायला मिळणं ही पहिली पायरी, ती बरीचशी झाली. ती समजणं ही दुसरी. चुकली तर वेळेत बदलून घेता येणं ही तिसरी, आणि तिथं अजून हेलपाटे आहेत. चौथी म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून वाचणं. सुप्याला वाचायची सोय नव्हती म्हणून वह्या जळाल्या, कोटकिरानाला सभेत वाचलं म्हणून चोरी सापडली. मोबाईलवर प्रत्येकजण आपापला सातबारा बघतो, पण गावाचा हिशोब एकट्यानं बघून निघत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. गावात झालेल्या ई-पीक पाहणीची यादी मोठ्यानं वाचायची, ज्यांची राहिली त्यांची नावं तिथंच काढायची. आपली चावडीवरचे महिन्याभरातले फेरफार ग्रामपंचायतीच्या फलकावर कागदावर लावायचे, म्हणजे मोबाईल नसणाऱ्यालाही दिसतील. आणि रोजगार हमीची, पंचायतीच्या खर्चाची जी माहिती वेबसाइटवर आहे, ती छापून आणून सभेत तपासायची. गावातली दहावी-बारावीची पोरं हे काम तासाभरात करतील. सहायक कृषी अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी यांना आधी सांगून बोलवा. बरेचजण येतात.

घरी तुमचा जुना हस्तलिखित उतारा असेल तर तो काढा, आत्ताच्या सातबाऱ्याशी लावून बघा. क्षेत्र, पोटखराबा, विहीर, वारसांची नावं. फरक निघाला तर तहसीलदारांकडं लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्यायला विसरू नका.